इतिवृत्त, खंड तिसरा

मला व्यसन एकच आहे, पुस्तकांना कव्हर घालण्याचं. आमच्या घरात उघडं पुस्तक सापडणार नाही. शब्दकोश, टेलिफोनची जुनी डिरेक्टरी, मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक, सगळी खाकी कागदात, आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात लेबल. कोपरा दुमडायची माझी स्वतःची पद्धत आहे. ती मी आजवर तिघांना शिकवायला गेलो आणि तिघांनाही नेमकं त्याच वेळी काहीतरी काम निघालं. आमच्या हिचं म्हणणं असं, की लग्नानंतरचे पहिले काही महिने मी हातात खाकी कागद घेऊन खोलीत आलो की ती जरा सावधच असायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्याला लोक माझा निष्काळजीपणा म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मी कमी काळजी घेतली असती तर काहीही झालं नसतं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात मीटर विभागाचा हेडक्लार्क आहे, आणि आमच्या चौदा बिऱ्हाडांच्या इमारतीचा अकरा वर्षं सचिव. दोन्हीकडे लोक मला मान देतात. निदान वाट तरी देतात. मध्यंतरी रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "गोळी लिहून देतो, पण त्याबरोबर जरा हसत जा." मी विचारलं, "दिवसातून किती वेळा?" त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला.

त्याच संध्याकाळी हिने लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी आणून माझ्यापुढे टाकली. विषय काय, तर एका घड्याळजीची नोकरी जाते आणि तो जामिनावर सुटून पळालेल्या लोकांना पकडून देण्याचा धंदा सुरू करतो. माणूस पकडून दिला की बक्षीस. त्याला पकडायचा आहे एक पाववाला. मी म्हटलं, "असली पुस्तकं मी वाचत नाही." ही म्हणाली, "वाचू नकोस. औषध समजून घे. दोन पानं जेवणानंतर."

पहिल्या दोन पानांत त्या घड्याळजीने स्वतःलाच बेड्या घातल्या आणि किल्ली गटारात पाडली. मी हसलो नाही. चौथ्या पानावर तो तसाच बेड्या घालून बसमध्ये चढतो आणि लोक त्यालाच फरारी समजून पकडून देतात. तिथे माझ्या तोंडून एक आवाज निघाला. शेजारच्या वहिनी भिंतीवर टकटक करून म्हणाल्या, "भाऊजींना ठसका लागलाय का? पाठीवर थोपटा." दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर मुद्दाम खाली आले. असा आवाज त्यांच्या मेव्हण्याच्या छातीतून येत असे, म्हणाले, आणि मेव्हण्याचं पुढे काय झालं ते सांगायचं टाळून त्यांनी मला वाफ घ्यायला सांगितलं. मी दोन दिवस वाफ घेतली. सचिव विनोदी कादंबरी वाचून खिंकाळतो, हे इमारतीत कळण्यापेक्षा वाफ बरी.

पण पुस्तक पुढच्या खोलीत टेबलावर असायचं, आणि आमच्याकडे पाण्याची तक्रार घेऊन दिवसातून चारजण येतात. म्हणून मी त्याला कव्हर घातलं, आणि लेबलावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'इतिवृत्त, खंड तिसरा'. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि कोणता ठराव झाला याची वही. ती मीच लिहितो. चालू वहीवर 'खंड दुसरा' असं लेबल होतं, तेव्हा हा तिसरा. असल्या वहीला कोणी बोटही लावत नाही, हा अकरा वर्षांचा अनुभव. योजना इतकी बिनचूक होती, की मी तीन दिवस स्वतःवर खूश होतो.

तेवढ्यात नोंदणी कचेरीतून पत्र आलं. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अधीक्षक राहतात. ते निवृत्त झाले, पण अधीक्षण काही सुटलं नाही. त्यांनी तक्रार केली होती, की तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई परवानगीशिवाय दोन शिलाई मशीनं चालवतात, आणि त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर त्यांचा पलंग थरथरतो. मधल्या दोन मजल्यांवरचे पलंग स्वस्थ होते, हा मुद्दा पत्रात नव्हता. तपासनीस गुरुवारी अकरा वाजता येऊन इतिवृत्त पाहणार होते. परवानगीचा ठराव नसेल तर मशीनं बंद.

ठराव होता. तीन वर्षांपूर्वी, ताईंचे यजमान गेले त्या साली, सर्वसाधारण सभेने तो एकमताने केला होता, आणि त्याला अनुमोदन म्हणून सही होती खुद्द अधीक्षकांची. ते विसरले होते. पण वही विसरत नाही. पत्राचं कळलं त्या दिवशी ताई दारात आल्या. त्या दारातच उभ्या राहतात, आत या म्हटलं तरी.

"भाऊ, त्या वहीत आहे ना सगळं?"

"ताई, स्वल्पविरामासकट आहे."

"मग नीट ठेवा हो. मुलीचं शेवटचं वर्ष आहे. मशीन थांबलं तर तेही थांबेल."

मी वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "माझ्याकडे ठेवलेली वस्तू आजवर हललेली नाही." हे वाक्य मला पुढचे पाच दिवस रोज आठवलं.

बुधवारी कादंबरीची मुदत संपत होती आणि माझी शेवटची तीस पानं उरली होती. घड्याळजी पाववाल्याच्या दारापर्यंत पोचला होता. मुदतवाढ घ्यावी म्हणून ऑफिसातून आलो तसा टेबलावरची खाकी कव्हराची वस्तू उचलली. माझं अक्षर, 'इतिवृत्त' हा शब्द, बगलेत मारली, निघालो. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, "मुदतवाढ नाही मिळणार, पुढे रांग आहे." मला अपमान वाटला. ज्याला अपमान वाटतो तो पुस्तक उघडून बघत नाही, काउंटरवर ठेवतो आणि मान ताठ करून निघतो. मीही तसंच केलं.

घरी येऊन दुसऱ्या दिवसाच्या तयारीला बसलो. ताईंच्या ठरावाच्या पानाला खूण घालावी म्हणून वही उघडली, तर घड्याळजी पाववाल्याच्या खिडकीतून आत शिरताना कणकेच्या परातीत पडला होता. खोटं कशाला बोलू, मी दोन पानं हसत वाचली. तिसऱ्या पानावर माझं हसू एकदम थांबलं, आणि आतून ही म्हणाली, "काय रे, संपलं का?"

पळतच लायब्ररी गाठली. बाई म्हणाल्या, "गेलं की ते. रांगेतल्या वाचकाने सव्वासहालाच नेलं."

"अहो, पण ती आमच्या इमारतीची इतिवृत्ताची वही होती. तुम्ही उघडून नाही का पाहिलंत?"

"तुमचं पुस्तक?" त्यांना खरोखर धक्का बसला. "तुमच्या पुस्तकाचा कोपरासुद्धा कधी दुमडलेला नसतो. बाकी सगळ्यांची उघडून बघते मी. तुमच्या लेबलावर आमची नंबराची चिठ्ठी लावली आणि दिलं."

अकरा वर्षं जपलेली अब्रू अशी उलटली. नाव-पत्ता विचारला तर वाचकाचं नाव सांगायचं नाही असा नियम. खास बाब म्हणून अर्ज करता येतो, आणि समिती महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसते. नियम मला पाठ आहेत, नियमासाठी मी स्वतः लोकांना परत पाठवतो. त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. निघताना बाई एवढंच हळूच म्हणाल्या, "हातात छत्री होती. आणि वाट समोरच्या गल्लीची धरली."

समोरच्या गल्लीत छत्रीवाला माणूस होता. एका बगलेत छत्री, दुसऱ्या बगलेत खाकी रंगाचं काहीतरी. तो केशकर्तनालयात शिरला, मीही शिरलो. तो बाकावर बसला आणि मला एकदम खुर्चीवर बसवण्यात आलं, कारण रिकामी तीच होती. मी आरशातून त्याच्यावर नजर ठेवली. घड्याळजीने पाचव्या प्रकरणात हेच केलं होतं, आणि त्याला काय फळ मिळालं तेही मी वाचलं होतं, पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर ना. न्हावी काही विचारत होता, मी "हं, हं" म्हणत होतो. छत्रीवाल्याने खाकी वस्तू उघडली. ते एक्स-रेचं पाकीट होतं. त्याने आतली फिल्म दिव्यासमोर धरली, आणि मी त्याचा अख्खा जबडा पाहिला. मग आरशात स्वतःकडे पाहिलं. एका 'हं'मध्ये माझी मिशी गेली होती. सव्वीस वर्षांची मिशी.

दार उघडून ही माझ्याकडे बघतच राहिली. "वही मिळाली?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मग हे काय मिळवून आलास?"

गुरुवारी अकराच्या ठोक्याला तपासनीस आले. बारीक अंगाचे, सुकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ, काखेत फाइल. अधीक्षक पावणेअकरापासून आमच्या पुढच्या खोलीत सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसले होते. ताई नेहमीप्रमाणे दारात. रात्रभर घोकलेलं वाक्य मी सुरू केलं, "साहेब, एक प्रामाणिक निवेदन करायचं आहे..." पण टेबलावरचं 'इतिवृत्त, खंड तिसरा' साहेबांनी तोवर उचललंही होतं. सरकारी माणूस निवेदन ऐकत नाही, रेकॉर्ड बघतो.

त्यांनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. कपाळाला आठी पडली आणि तिथेच राहिली. तिसऱ्या पानावर नाकातून बारीक सूं असा आवाज आला. चौथ्या पानाला त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला, आणि त्यांचे कान लाल होत गेले. मी घामाने भिजलो होतो. जिथे मिशी असायची तिथे वारा लागत होता.

"काय लिहिलंय, साहेब?" अधीक्षकांनी मान लांब केली.

साहेबांनी पुस्तक छातीशी मिटून घेतलं. "गंभीर आहे," ते म्हणाले. आवाज जरा कापत होता. "पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं रेकॉर्ड माझ्यापुढे आलेलं नाही. इथे वाचून होण्यासारखं नाही. सखोल तपासणीसाठी ताब्यात घेतो." आणि त्यांनी मला रीतसर पोच लिहून दिली: 'इतिवृत्त, खंड तिसरा, नग एक. निर्णय सोमवारी. खंड दुसराही सोमवारी कचेरीत हजर करावा.'

अधीक्षक खूश होऊन वर गेले. जिना चढताना त्यांनी शीळ घातली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई मात्र हलल्या नाहीत. "भाऊ, माझ्या ठरावात काही चुकीचं निघालं का?"

तिथे मला माझी लाज वाटली. मिशीची नव्हे. मी त्यांना सगळं सांगितलं, कव्हर, लेबल, पाववाला, न्हावी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे वही नाही." मग खाली गेल्या. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, एकाच मशीनचा. दुसरं त्यांनी आपणहून बंद ठेवलं होतं. शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस तेच. मी जेवलो, पण कशाची चव लागली नाही.

शनिवारी संध्याकाळी लायब्ररीतून फोन आला. बाई म्हणाल्या, "नाव सांगायचा नियम नाही. पण एक वाचक इथे उभ्या आहेत, त्या विचारतायत की पहिला आणि तिसरा खंड कुठे मिळेल."

धावत गेलो. काउंटरपाशी छत्री घेतलेल्या एक बाई होत्या, आणि त्यांच्या हातात माझं कव्हर. आयुष्यात इतकं सुंदर कव्हर मी पाहिलेलं नव्हतं. त्या दंतवैद्य निघाल्या. दवाखाना त्या केशकर्तनालयाच्या शेजारीच. म्हणजे बुधवारी मी वहीपासून एका भिंतीच्या अंतरावर होतो.

"हस्तलिखिताची छापील प्रत काढलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण काय लिहिलंय हो. मी पेशंटना वाचून दाखवते. ते टाकीच्या झाकणाचं..." आणि त्यांनी मला माझंच वाक्य पाठ म्हणून दाखवलं: "'झाकण कोणी उघडे ठेवले यावर दोन तास चर्चा झाली. चर्चेअंती झाकणास जबाबदार धरण्यात आले.' एक गृहस्थ दाढ काढायची विसरून घरी गेले."

मी ताठ उभा राहिलो. "ते विनोदी नाही. ते तसंच झालं होतं."

"आणि तो सचिव. त्याला वाटतं, इमारत तोच चालवतो. मला त्याची इतकी दया येते."

"मीच तो सचिव."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "त्याला मिशी आहे असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं थांबून, "परवा एक पेशंट सांगत होते, आरशातून कोणीतरी त्यांच्यावर डोळे वटारून..." पुढचं त्यांनी शहाणपणाने सोडून दिलं. वही माझ्या हातात देताना त्यांनी एक पान उघडलं. "हे मात्र पेशंटना वाचलं नाही. त्या शिवणवाल्या बाई अजून आहेत ना तिथे?"

पान ताईंच्या ठरावाचं होतं. खाली मी लिहिलं होतं: 'ठराव एकमताने मंजूर. श्रीमती काही बोलल्या नाहीत. सभा संपल्यावरही त्या काही वेळ उभ्याच होत्या. त्यांना कोणी बसा म्हटले नाही, ही सचिवाची चूक असून तिची नोंद घेण्यात येत आहे.' हे मी लिहिलंय, हे मला आठवतही नव्हतं. मी फक्त "आहेत" म्हणालो, आणि कागदाचा कोपरा नीट करत राहिलो.

सोमवारी दोघंही गेलो, मी आणि ताई. साहेबांच्या टेबलावर फायलींचा डोंगर, आणि फायलींच्या आड उघडी पडलेली कादंबरी. मी पुन्हा ते वाक्य काढलं, "साहेब, एक प्रामाणिक निवेदन..."

"पहिल्या ओळीला कळलं होतं," साहेब म्हणाले. "सभेचा वृत्तांत 'किल्ली गटारात पडली' असा सुरू होत नाही. पण त्या गृहस्थांसमोर मी हसलो असतो, तर तुमची वही पुढे सापडूनही उपयोग झाला नसता. आणि खरं सांगू का, मला पुढचं वाचायचं होतं." मग त्यांनी खंड दुसरा उघडला, ठराव वाचला, अधीक्षकांची सही आपल्या फाइलमधल्या तक्रारीवरच्या सहीशेजारी धरली, आणि तक्रारीवर शिक्का मारला: 'निकाली'. ताई उभ्याच होत्या. मी घाईघाईने खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बसा, ताई." त्या बसल्या. साहेब म्हणाले, "आणि तो पाववाला शेवटी..." मी दोन्ही कानांवर हात ठेवले. सरकारी कचेरीत मी असा वागेन हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वाफ घ्यायला सांगितलं असतं.

लेखी निकाल टपालाने आला, सोबत कादंबरी. मी तो सूचना फलकावर लावला, आणि अधीक्षकांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. 'खंड दुसरा तपासला. ठराव वैध. दोन्ही मशीनं चालू ठेवण्यास हरकत नाही. खंड तिसऱ्यात पान २७२वर बसचे तिकीट आढळले. त्यापुढील तीस पाने सचिवांनी अद्याप पाहिलेली दिसत नाहीत. ती सात दिवसांत वाचून अनुपालन कळवावे.' रांगेतला आपला हक्क दंतवैद्य बाईंनी सात दिवस पुढे ढकलला, एका अटीवर, की पुढच्या सभेचं इतिवृत्त त्यांना वाचायला मिळावं. त्यावर ठराव करावा लागेल.

तर आता वाचायचं कुठे, हा प्रश्न. घरात हसलो की शेजारच्या वहिनी पाठीवर थोपटायला येणार, कंपाउंडर मेव्हणा काढणार. शेवटी एका दुपारी पुस्तक घेऊन तळमजल्यावर गेलो. ताईंकडे दोन्ही मशीनं चालू होती. एकावर त्या, एकावर मुलगी. म्हटलं, "ताई, या आवाजात कोपऱ्यात बसून वाचतो. कोणाला ऐकू जाणार नाही."

"बसा की, भाऊ," त्या म्हणाल्या. पान २७२. घड्याळजी कणकेत पडलेला, पाववाला लाटणं घेऊन वर उभा. मी हसू दाबलं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं.

आणि मशीनं थांबली. अर्जाने, तक्रारीने, पलंगाने एकाच वेळी थांबली नव्हती ती दोन्ही मशीनं. ताईंनी चाकावर हात ठेवला होता, मुलीनेही. "एकटे काय हसताय?" ताई म्हणाल्या. "इतके दिवस ज्याच्यामागे आमचा जीव टांगणीला लागला, ते आम्हाला पण कळू दे. मोठ्यानं वाचा."

मी घसा साफ केला, सभेत करतो तसा. आणि वाचू लागलो. पहिल्या पानाला मुलगी हसली, दुसऱ्याला ताई. मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. चौथ्या पानाला जिन्यात पावलं वाजली. मी थांबलो. दिवसाढवळ्या सचिव तळमजल्यावर कादंबरी वाचतोय, आणि तिसऱ्या मजल्यावरून अधीक्षक खाली आलेत. म्हटलं, झालं, नवी तक्रार.

"जरा मोठ्यानं वाचा हो," जिन्यातून आवाज आला. "तिसऱ्या मजल्यावर नीट ऐकू येत नाही."

ताईंनी दार उघडलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा," त्या म्हणाल्या. आणि मी मागच्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.